क्षेपक

स्टॉकपोर्टला ग्लेनिस ऑर्म्सबी
स्वयंपाकघरातला खालचा खण उघडते :
सेल्युलॉइडवर हिरवं आकाश,
कॅप्टन, आणि त्याचा नसलेला डावा हात.

हात फक्त कार्टूनमध्ये तुटला.
खऱ्या मालिकेत – 'खऱ्या' म्हणताना ती हसते –
दोन्ही शाबूत,
कारण नटाला होते.

कंपनीचं पत्र : तेरा भाग ग्राह्य नाहीत.
घडलंच नाही म्हणे.
तो हिरवा मात्र तिनं घोटला होता,
नखांत उरेपर्यंत.

मी सात वर्षांचा.
खरी मालिका लागायची मी झोपल्यावर.
मला शनिवार सकाळचाच कॅप्टन ठाऊक.

परवा नव्या भागात
म्हातारा कॅप्टन कोट चढवतो,
सगळी बटणं एकट्या उजव्या हाताने.
कुणी काही विचारत नाही.

ग्लेनिसला फोन लावला.
"पाहिलं," म्हणाली,
"आकाश निळंच ठेवलंय मेल्यांनी."