टिश्यू कोरडा

डिझेलच्या जुन्या पावतीबुकात, कोऱ्या पाठींवर
मी एक कॉम्प्युटर काढलाय.
अजून तो तिथेच आहे.
खाली पंप, वर रेडिएटर, तीनशे साठ मिलिमीटर,
निळी रेघ थंड, लाल रेघ गरम,
आणि कडेला बेरीज, जी दर पगाराला
खोडून परत मांडावी लागते.

वेर्ण्याला गोळ्यांच्या पाकिटांवर तारखा छापते मी, रात्रपाळीत.
परतीच्या बसमध्ये डोळे मिटले
की नळ्या वळू लागतात. मऊ घ्यायच्या की कडक?
कडक देखण्या, पण हीट गन हवी,
आणि एक वाकडी गेली की गेली.
मऊ नळ्या चुका पोटात घालतात.
मऊ लिहिलं. खोडलं. परत मऊ.

कार्डाची किंमत ऐकायला माणूस आधीच खाली बसलेला असतो.
उठवतात ते सांधे :
अंगठ्याएवढं पितळी फिटिंग,
असे चौदा.
तेवढ्यात दुकानाचं वीजबिल भागलं असतं
हे आईने न सांगता सांगितलं.
भावाने विचारलं, एवढं करून खेळणार काय?
मला बर्फातून ट्रक चालवायचाय.
रात्रभर, एकटीने,
प्रत्येक झाड नीट दिसत.

कामिल मेस्तने वही पाहिली, चष्मा कपाळावर सारून.
चाळीस वर्षं बेतूलच्या ट्रॉलरांची इंजिनं
समुद्राच्याच पाण्याने थंड ठेवलेला माणूस.
खेळ कुठला, हे त्याने विचारलं नाही.
‘रेडिएटर कशाचो?’
ब्लॉक तांब्याचा, म्हटलं,
रेडिएटर स्वस्तातला, ॲल्युमिनियमचा.
त्याने पेन्सिल मागितली.
‘बाये, एकाच उदकांत हे दोन धातू घालूं नाका.
एक दुसऱ्याक खाता.
सवकास. तुका कळचें ना.’
आणि माझ्या सहा हजारांवर
एक आडवी, सभ्य रेघ ओढली.

मग खारी हवा : पंख्यांना जाळी.
मग लाईट, जी वाऱ्याची नुसती चाहूल लागली की जाते : यूपीएस.
पाणी डिस्टिल्ड. विहिरीचं गोड असलं तरी नको.
बेरीज दुसऱ्या पानावर गेली.

चतुर्थीच्या बोनसातून आला तो फक्त पंप.
सोबत दोन फूट नळी, चार सांधे,
आणि घरची, तीनदा धुतलेली लोणच्याची बरणी,
जिला अजून मोहरीचा वास आहे.
मेस्तची बारा व्होल्टची बॅटरी. सांध्यांखाली टिश्यू.
चोवीस तास चालवायचं. डाग पडला तर सांधा खोटा.

त्याने कान लावला, इंजिनाला लावतात तसा.
‘वारें आसा भितर.’
बरणी तिरकी केली. एक बुडबुडा
नळीभर अडखळत गेला, वर येऊन फुटला,
आणि आवाज इतका खाली गेला
की फ्रीज ऐकू येऊ लागला.

पाणी फिरतंय.
थंड करायला अजून काहीच नाही.
अकरा तास उरलेत आणि माझी बस सव्वानऊची.
आईला दाखवलं : इथे डाग दिसला तर ही वायर काढ.
काढीन, म्हणाली.
हात पदराला पुसले,
आणि बरणीसमोर खुर्ची ओढून बसली.