लाभ

खैरीघाटच्या गोदामावर आता निळा पत्रा आहे
आणि आतून कंपनीचा पांढरा रंग, दोन हात.
तिसरा हात कंत्राटदारानं खाल्ला,
म्हणून नदीकडच्या भिंतीवर, माझ्या खांद्याच्या वीतभर वर,
पुराची रेघ अजून निघते.
श्रावणात आधी फुगते, मग पापुद्रा सोडते.
सुपरवायझर तिच्यावर पिनकोडचा तक्ता चिकटवतो.
तक्ता पडतो.

इथे डोंगे लागायचे.
धान, हिरडा, लाख, मोहफुलं
वरच्या गावांतून वैनगंगेच्या चालीनं खाली.
परतताना मीठ, घासलेट,
एकदा म्हणे एक पेटी, गाण्याची,
जी उतरवताना आपोआप वाजली
आणि हमालानं ती पाण्यात सोडता सोडता धरली.
मग पूल झाला.
मग धरण झालं, आणि वाहती नदी
कामावरून काढलेल्या माणसासारखी जागीच उभी राहिली, भरलेली.
गोदामात वटवाघळं. कुलूप. कुलपावर कुलूप.

आता पुन्हा माल येतो.
जात काही नाही. गेलंच तर परत गेलेलं:
साइज लहान, रंग वेगळा,
घेणारा पुण्याला निघून गेला.

मधल्या तुळईला तराजूची लोखंडी कडी होती.
ती कापली जाईना,
तेव्हा कॅमेरा तिलाच बांधला.
त्याच्याखाली मी सकाळच्या पाळीला उभी,
टुक. टुक.
दिवसाला साडेचारशे टुक.
मे महिन्यात दुपारी भिंती तापल्या
की खोक्यांच्या मधून मोहाचा वास निघतो.
नवीन पोरं म्हणतात, मॅडम, परफ्यूम फुटलं.
एकदा सगळे रॅक उतरवून पाहिले.
काही फुटलं नव्हतं.

मंगळवारी मुखरू दिवठे आले.
नातवानं सुरतेहून जाळं मागवलेलं, नायलॉनचं, बारीक डोळ्याचं.
काउंटरवर प्रणय.
‘कोड सांगा, आजोबा.’
मुखरूजींनी मोबाइल हातभर लांब धरला, मग नाकाजवळ.
‘चार.’
‘हं.’
‘आठ.’
‘हं.’
‘लाभ.’
प्रणयचं बोट हवेत.
‘काय?’
‘लाभ.’
‘आकडा सांगा नं बाप्पा.’
‘आकडाच त सांगून रायलो.’

मी बाजूनं हात घातला आणि एक दाबला.

इथे पहिल्या मापाला एक म्हणत नसत.
एक म्हटलं की मोजणं सुरू होतं,
आणि सुरू झालेलं संपतं.
लाभ, दोन, तीन,
वीस कुडव झाले की बाजूला एक गारगोटी,
पुन्हा लाभ.
माझ्या मायला ठाऊक होतं म्हणून मला.
प्रणयच्या मायलाही असेल.
त्यानं कधी विचारलं नसेल, इतकंच.

‘नऊ,’ मुखरूजी म्हणाले, जरा रागानं.
टुक.

पुडकं तळहातावर घेऊन त्यांनी दोनदा उडवलं.
‘पावणेदोन किलोले जराक कमी.’
लेबलवर १.७४० होतं.
प्रणयनं लेबल पाहिलं, मग त्यांचा हात पाहिला,
मग उगाच वजनकाटा बंद करून पुन्हा सुरू केला.

ते भिंतीकडे गेले. तक्ता पडलेलाच होता.
रेघेखाली पंजा टेकवून म्हणाले,
‘इथवर पानी. तुमचं ते मशीन हाय नं,
तेथं पोत्यावर पोतं रचून आमी दोन रात्री वर बसलो.
खालचे तीन थर मोड येऊन हिरवे झाले.
इतकं हिरवं होतं आतमंदी, पोरी,
का भेव वाटे.’

जाळं खांद्यावर टाकून ते गेले, घाटाकडून,
रस्त्यानं जवळ पडत असूनही.
खोकं इथेच ठेवलं.
चांगलं आहे, जाड, कोरडं.
त्यात आम्ही आमचे जेवणाचे डबे ठेवतो,
वरच्या फळीवर.
प्रणयनं ती फळी एक बोट वर ठोकून घेतली,
रेघ पाहून.