सारवण

आठवड्यातून तीन संध्याकाळी मी बर्फ सारवते,
कायानीच्या रिंकवर.
मुलं बाहेर गेली, फळीचं दार लोटलं,
की मी आणि ते यंत्र :
लाल, बोजड, वळताना कण्हणारं.
ओस्मोनं त्याला आपल्या सासूचं नाव दिलंय, हिल्क्का.
सासूला ठाऊक आहे. तिची हरकत नाही.

दिवसा मी कारखान्यात पंपांची गणितं करते.
ते पोटापाण्याचं.
मग हे कशाचं, असं कुणी विचारलं नाही,
आणि तासाला अकरा युरोंत
सांगण्यासारखंही काही नव्हतं.

लोकांना वाटतं, बर्फावर गार पाणी सोडत असतील.
नाही. कढत.
गार पाण्यात हवा दडून बसते,
बर्फ पांढुरका होतो, ठिसूळ.
कढत पाणी ओरखड्यांच्या तळाशी उतरतं,
जुन्या बर्फाला क्षणभर पाणी करतं,
मग दोघं मिळून गोठतात.
हे मला ओस्मोनं शिकवलं सहा वर्षांपूर्वी.
बोलून नव्हे,
माझा हातमोजा उतरवून
हात त्या वाफेत धरून.

आधी कडेकडेनं एक फेरी, मग मधोमध,
मग लांबट वळसे, एकावर एक वीतभर चढवत.
मागे वळून बघू नकोस, ओस्मो म्हणतो.
मी दर वेळी बघते.
मागे काळाभोर ओला पट्टा
आणि त्यात छताचे दिवे, उलटे, थरथरणारे.

मार्चमध्ये सिंगापूरहून पत्र आलं.
मोठाल्या इमारती, आत माणसं नाहीत,
रात्रंदिवस तापणारी यंत्रं नुसती.
ती गार ठेवायची.
पगाराचा आकडा वाचून आईनं चष्मा पुसला
आणि पुन्हा वाचला.

मुलाखतीत त्यांनी विचारलं होतं,
'थंडाव्याचा काही प्रत्यक्ष अनुभव?'
मी वीस मिनिटं पंपांवर बोलले.
हिल्क्काचं नाव काढलं नाही.
लाज वाटली,
की तिला त्या कागदांत न्यायचंच नव्हतं,
अजून कळत नाही.

कारखान्याचा राजीनामा दोन ओळींत झाला.
ओस्मोला सांगायला पंधरा दिवस लागले.
तो हिल्क्काचं पातं बदलत होता.
"तिकडे रिंक आहे?"
"असेल एखादी. मॉलमध्ये."
"मॉलमध्ये," तो म्हणाला,
आणि पातं उजेडाकडे धरून
बराच वेळ धार बघत राहिला.

आज शेवटचा गुरुवार.
नऊ वर्षांची वेनला नेहमीसारखी एक मोजा विसरून गेली,
डाव्या हाताचा.
मी तो नेहमीसारखा रेडिएटरवर वाळत ठेवला.
माझ्या जागी आटू येतोय, ओस्मोचा भाचा.
घाईनं वळतो,
कोपऱ्यांत खळगे ठेवतो.
शिकेल.
मी तर पहिल्याच महिन्यात गोलपोस्ट पाडला होता.

खरवडलेला बर्फ आम्ही रिंकमागे ओततो.
गावातला हिवाळा सरून जातो,
हा ढीग मात्र मे महिन्यातही बसलेला,
मळका, हट्टी, कडेनं पाझरणारा.
पोरं त्यावरून घसरून विजारी फाडतात.
यंदाचा ढीग किती दिवस टिकला,
ते विचारायला कुणाला फोन करायचा?
ओस्मो फोन उचलत नाही. कुणाचाच.

किल्ली त्यानं मागितली नाही.
मीच टेबलावर ठेवली.
त्यानं तिच्यावर कॉफीचा कप ठेवला,
वाऱ्यानं उडेल म्हणून जणू.

दिवे मालवले, कोट चढवला,
मग आठवलं, डावा कोपरा अजून ओला आहे.
सात मिनिटं लागतात.
बाकावर बसून राहिले.
अंधारात ओलं आणि गोठलेलं सारखंच दिसतं.
मी हातमोजा काढला
आणि बोट टेकवून पाहिलं.