बाईंच्या सहीखाली

कफ परेडला अकराव्या मजल्यावर
मी त्यांची पत्रं टाइप करायचे.
खाली सही : मुतिंता सियामविझा, कॉन्सुल जनरल.
पहिल्या आठवड्यात आडनाव तीनदा चुकवलं.
चिडल्या नाहीत. म्हणाल्या,
"आमच्या पक्षाध्यक्षांनाही जमलं नाही,
म्हणून तर मला इकडे पाठवलं."

स्वतःचं राजकारण त्या तुकड्यांनी सांगायच्या,
फॅक्सची वाट बघता बघता :
झांबेझीवर धरण आलं तेव्हा
त्या आईच्या पाठीला बांधलेल्या.
ट्रकात कोंबड्या, उखळ, आजोबा.
नव्या गावी कोंबड्या उतरल्या, उखळ उतरलं.
पुढे डोक्यावरून विजेच्या तारा गेल्या, थेट खाणींकडे;
झोपडीत रॉकेलच.
त्यावर पहिलं भाषण, पालथ्या बादलीवर उभं राहून.
दोनदा पडल्या. बादलीवरून नव्हे, निवडणुकीत.
तिसऱ्यांदा एक्क्याण्णव मतांनी आल्या,
ऊर्जा खात्याच्या उपमंत्री झाल्या,
आणि आठव्या महिन्यात भर सभागृहात
स्वतःच्याच सरकारला विचारून बसल्या,
बुडालेल्यांचे पैसे कुठे आहेत?
नवव्या महिन्यात बढती. मुंबई.
"बढती म्हणजे लांबची खुर्ची," त्या म्हणायच्या,
"पण खिडकी चांगली आहे."

खिडकीतून मंत्रालय दिसायचं.

मला वाटायचं, मुत्सद्देगिरी म्हणजे मेजवान्या,
तांब्याच्या भावावर गोड बोलणं. तेही होतंच.
पण मला आठवतं ते मीरा रोडचं पोलीस ठाणं,
रात्री दीड वाजता, प्लास्टिकच्या खुर्चीत बाई,
शेजारी दोन विद्यार्थी, एकाच्या ओठाला टाके.
हवालदारानं तक्रारीऐवजी चहा मागवला.
बाईंनी चहा पूर्ण संपवला. कप खाली ठेवला.
"आता लिहा."
आणि जेजेचं शवागार :
हृदयाच्या ऑपरेशनला आलेले त्यांच्याकडचे एक मास्तर.
अंगठ्याला बांधलेली चिठ्ठी बाईंनी वाकून वाचली,
माझं पेन घेऊन एक अक्षर सुधारलं.

कुलाबा मार्केटात सुक्या मासळीपाशी थांबल्या एकदा,
मूठभर जवळा नाकाशी नेला.
म्हणाल्या, आमच्याकडेही असे बारीक असतात,
ज्या तळ्यात आमचं घर आहे, त्या तळ्यातले.
कोळीणबाईंनी भाव सांगितला. बाईंनी घासाघीस केली नाही,
हे मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

मुतिंता म्हणजे काय, मी विचारलं.
"बदल. चार मुलांवर मुलगी झाली, म्हणून.
तुझ्या नावाचा अर्थ?"
ऑफिसात मी नयना. पण त्या दिवशी खरं सांगितलं :
नकुसा. तीन मुलींवरची चौथी.
त्या बराच वेळ स्टेपलरशी खेळत राहिल्या.
मग मी म्हटलं, आमचंही गाव गेलं, कोयनेत.
समोरच्या इमारतीत दिवे लागत होते.
"हे कुठलं पाणी?"
म्हटलं, थोडं आमचं.

वडलांच्या जमिनीचा अर्ज त्यांच्यापुढे ठेवला.
तुमचं एक पत्र गेलं तर, बाई.
त्या सरळ नाही म्हणाल्या.
यजमान देशाच्या कारभारात त्यांना बोलता येत नाही;
नियम त्यांनी पाठ म्हणून दाखवला, कलमासकट.
मला राग आला, खोटं कशाला बोलू.
पण लाल पेन्सिल त्यांनीच काढली.
मराठी येत नव्हतं, म्हणून एकेक ओळ
माझ्याकडून इंग्रजीत वदवून घेतली.
'गरीब बिचारे' खोडलं. 'उपकार होतील' खोडलं.
"तारीख आधी. मग गट क्रमांक. मग त्यांनीच दिलेला शब्द.
रडायचं असेल तर घरी रड, अर्जात नाही."
खाली मी नयना लिहायला गेले.
त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं.

बाईंना जाऊन आता सहा वर्षं झाली.
त्या पुन्हा उभ्या राहिल्या, तिकडे, आणि पुन्हा पडल्या,
असं नव्या साहेबांकडून कळलं.
माझ्या अर्जाला उत्तर नाही.
उद्या जेवणाच्या सुट्टीत मंत्रालयात जायचंय,
चौथं स्मरणपत्र घेऊन.
अर्ध्या पानाचं आहे.
खाली सही : नकुसा.