झाडं नसलेल्या बेटावरची पानं

या बेटांवर झाडं नाहीत म्हटलं तरी चालेल.
आहेत ती मुद्दाम लावलेली, दगडी कुंपणाच्या आत,
मेंढ्यांपासून जपलेली.
बाकी गवत. गवत आणि वारा.

तरी क्लाक्सविकच्या बंदरात,
मासळीच्या गोदामावर, दुसऱ्या मजल्यावर,
रान्वा पानं सांभाळते.

एकशे चौदा पानं.
बोटींचं वेळापत्रक. तिकीट. मेंढ्यांचं भाडं, नगावर,
कोकरू आईसोबत असेल तर फुकट.
वादळाची सूचना. हरवलं-सापडलं.
आणि एक पान, नाव नुसतंच ‘नवीन२_जुनं’.
ते कशाचं, हे सांगायला यालग्रिमुर आता नाही;
नाही म्हणजे, आहे,
ट्रॉलरवर आहे, आइसलँडच्या पलीकडे कुठंतरी,
आणि फोन उचलत नाही.

जाताना त्याने एवढंच शिकवलं होतं:
पान म्हणजे दोन फायली.
एक दिसणारी, एक करणारी.
दिसणारीत रकाने, बटणं, कंपनीची निळी पट्टी,
करणारीत सगळा हिशेब.
एकीला हलवलंस तर दुसरीला मागे ठेवू नकोस.
आणि शुक्रवारी काही चढवू नकोस, काहीही झालं तरी.

तो मंगळवार होता. फेब्रुवारी.
शेवटची बोट बांधून झाल्यावर
रान्वाने सगळा प्रकल्प एकत्र बांधायला घेतला.
हिशेब निघाले आपापल्या पानांतून
आणि एका गठ्ठ्यात जाऊन बसले, सीलबंद,
पिंपात खारवलेली मासळी बसते तसे;
कुठला मासा कुणाच्या जाळ्यातला
ते आता पिंपालाच ठाऊक.

मग तिने सर्व्हरवर गेलेली पानं उघडून पाहिली.

रिकामी.
प्रत्येकात एकच ओळ:
मी नुसती खूण आहे, मला पुसू नका.

दुसऱ्यात तीच.
चाळिसाव्यातही तीच.
रात्रीचे पावणेदोन, कॉफीवर साय धरलेली,
एवढं रिकामपण कुणासाठी राखायचं?
सगळी नाही पुसली तिने.
एकच.
ज्याला धड नावही नव्हतं, ते.

काही झालं नाही.
दिवा मालवून ती घरी गेली.

सहा वाजून दहा मिनिटांनी फोन.
पूर्वेकडच्या बेटावरून सुन्नुवा,
टपाल वाटणारी, आणि हिवाळ्यात बोटीचा दोर झेलणारी:
माझं पान कुठं गेलं?

कुठलं पान?

ते, गं. यालग्रिमुरने लावून दिलेलं.
मी सहाला खिडकीतून धक्का बघते
आणि तिथं लिहिते,
बोट लागेल, किंवा लागणार नाही.
अकरा वर्षं झाली.
तुम्ही लोक ते वाचत नाही की काय?

रान्वाने स्वेटर उलटा घातला, तसाच.
धावत जिना चढली.
शेजारच्या पानाची खूण उचलली, एक प्रत काढली,
नाव दिलं ‘नवीन२_जुनं’.
आत काही बदलावं लागलं नाही,
आत काही नव्हतंच.

डोंगरातल्या जुन्या वाटेवर
माणसांनी दगडांच्या राशी रचून ठेवल्यात.
त्यांत काही पुरलेलं नसतं.
धुकं उतरलं की या राशीपासून त्या राशीपर्यंत
माणूस चालत राहतो, एवढंच.
लहानपणी रान्वाने अशी एक रास
लाथेने पाडली होती, उगीच,
आणि बापाने एक शब्द न बोलता
तिच्याकडून ती परत रचून घेतली होती.
बोटं सोलवटली होती तिची.

सहा वाजून बत्तीस मिनिटं.
पान उघडलं. निळी पट्टी आली.
खाली चौकटीत अक्षरं उमटली,
एकेक, एका बोटाने टंकलेली असावीत इतकी सावकाश,
नाही, तसं दिसत नसतं खरं तर,
अक्षरं एकदमच येतात,
पण रान्वाला ती तशी दिसली:

लाट मोठी. आज बोट लागणार नाही.

खाली धक्क्यावर तुम्मसने इंजिन सुरू केलं होतं.
तिने खिडकी उघडली, वाऱ्याने ती हातातून हिसकावली,
आणि ती ओरडली.