बारदान

महाप्याला, चौथ्या मजल्यावर, रात्री पावणेदोनला
सिस्टीम म्हणाली : एकशे बारा फायली पोचल्या.
निघाल्या होत्या एकशे एकोणीस.
मधल्या सातांबद्दल ती काही बोलली नाही.
हिरवी खूण केली,
मीही तिच्यावर विश्वास ठेवून बूट घातले.

पहाटे तुर्भ्याहून फोन.
कांद्याच्या गाळ्यावरचा काटा
गोणीसकट वजन लावतोय.
"गोणपाटाचे पैसे कोण देणार साहेब, तुम्ही?"
मागे हमालांचा आरडाओरडा, एक ट्रक रिव्हर्स घेतोय,
आणि मी अजून चादरीत.

लॉगमध्ये खाली, अगदी खाली,
करड्या अक्षरांत, कुणाला त्रास होऊ नये अशा आवाजात :
डॉट बीआरडी. प्रकार ओळखीचा नाही. वगळले.
सात वेळा तेच.
चूक नाही, इशारा नाही.
लग्नाच्या यादीतून एखादं घर गळावं
तसं.

अनघा वैती म्हणाली, "नाव बदल. टीएक्सटी कर, जाऊ दे पुढे."
करून पाहिलं. गेल्या.
पण सिस्टीमनं वाटेत ओळी अकारविल्हे लावल्या,
तिला वाटलं, आवराआवर.
काटा आता गोणीचं वजन
दोनदा वजा करू लागला.

फायलीच्या पहिल्या ओळीत एक नाव होतं,
वीस वर्षांत कुणी न पुसलेलं :
ह. पां. भोईर, घणसोली.

तळ्यामागच्या गल्लीत, गॅलरीत
हसुराम भोईर बिघडलेला मिक्सर उघडून बसले होते.
स्क्रू बशीत, चष्मा कपाळावर.
"बीआरडी म्हंजे बारदान रं. दुसरं काय असनार?"
आणि मग हळूहळू, मिक्सर न सोडता :
आधी गोणीचा प्रकार. ताग, जाळी, प्लास्टिक.
मग ग्रॅम.
मग महिना.

महिना कशाला?

माझ्याकडे त्यांनी पहिल्यांदाच नीट पाहिलं.
"पावसात ताग पानी पितं."

साधी टीएक्सटी का नाही ठेवली, मी विचारलं.
"ती कोनीबी उघडतं. उघडलं का सुधारतं."
मग हसले, कुठल्या तरी जुन्याच गोष्टीला.
"मिठागर गेलं तवा फारम आलता.
धंद्याचे बारा रकाने. आमचा नव्हता.
साहेबानं इतर लिवलं.
तवा ठरवलं, आपल्या वस्तूचं नाव आपन ठेवाचं."
बायकोनं चहा आणला. बशीत स्क्रू होते,
म्हणून मी कपानंच प्यालो.

तो सबंध दिवस मी सिस्टीमला बारदान शिकवत होतो.
तीन अक्षरं ओळखायची, एवढं तर लगेच आलं तिला.
ओळींचा क्रम हलवायचा नाही.
महिने बारा नसतील तर फाईल परत पाठवायची.
काटा थांबवायचा, मग ठेवायची,
मग काटा सुरू,
आणि हे सगळं पहिला ट्रक लागायच्या आत.
शेवटचं तिला तीनदा सांगावं लागलं.
एकदा मलाही.

जाता जाता तो जुना नियमही काढला,
'वगळले' हा शब्दच.
आता अनोळखी काही आलं की ती थांबते,
लाल होते, भर रात्री मला उठवते.
गेल्या आठवड्यात दोनदा.
एकदा तर कुणाचा तरी नाचाचा व्हिडिओ होता.

नव्या प्रकाराच्या नोंदीत एक रकाना असतो : वर्णन.
मी लिहिलं, पावसात ताग पाणी पितं.

अनघानं तपासताना त्यावर खूण केली :
"हे वर्णन आहे?"
मी उत्तर दिलं नाही.
खालच्या टपरीवर जाऊन वडापाव आणला, दोन.
परत आलो तेव्हा पाच चाळीस झाले होते,
रबाळ्याकडची धुराडी दिसू लागली होती,
आणि तिनं मंजूर केलं होतं,
फक्त 'ताग'च्या पुढे कंस करून
एक महिना घातला होता :
जुलै, सहाशे नव्वद ग्रॅम.