दोघांच्या हातून मेलेली

विर्योच्या सिनेमांत मी अकरा वेळा मेले.
साखरेच्या पाकात लाल रंग कालवून
तो स्वतः ओतायचा माझ्या गळ्यावर, बादलीने.
'कट' म्हणेपर्यंत मुंग्या लागायच्या.
सेमारांगबाहेरच्या मैदानात पडदा ताणला
की लवंगेच्या सिगारेटी बोटांतच विझायच्या,
पोरं आयांच्या कुशीत,
आणि मी मागे बसून शेंगदाणे खायचे.

गोंदोने एकदाच मारलं. तेही पडद्याबाहेर.
"केस विंचर," म्हणाला, "मागे बघू नकोस."
मागे काही नव्हतं. खुर्ची होती एक, वेताची.
सात मिनिटं विंचरत होते.
अजून मी आरसा टांगत नाही,
भिंतीला पाठ लावून हातात धरते.

विर्यो म्हणे, गोंदो अंगाई गातो.
गोंदो म्हणे, खाटकाला कॅमेरा कशाला?

विर्यो गेला, तेव्हा गोंदो आला. उशिरा,
ओली छत्री मिटत.
मला बाजूला घेऊन विचारलं,
"शेवटी घाबरला का गं?"
नाही म्हटलं. दिवा तेवढा
चालू ठेवा म्हणाला.

गोंदोने मान हलवली.
कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्चीकडे गेला,
आणि बसला नाही.